कूलंटचा एक प्लॅस्टिक भाग आणि दुरावलेलं गिऱ्हाईक

माझ्या थोरल्या बहिणीकडे एकाच कंपनीच्या लागोपाठ तीन गाड्या झाल्या. पहिली जुनी घेतलेली हॅचबॅक, दुसरी शोरूममधून काढलेली नवी, आणि तिसरी म्हणजे ही सेदान, जिच्याबद्दल हे लिहितोय. नऊ वर्षं जुनी, प्रत्येक सर्व्हिस वेळेवर, तीही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच, आणि दर वेळी जेन्युइन पार्टच. ओळखीतल्या कुणालाही गाडी घ्यायची असली की ताई याच कंपनीचं नाव सुचवायची, आणि तिच्या शब्दावर निदान चार घरांत या कंपनीच्या गाड्या आल्या. चौथी गाडीही ती हीच घेणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिनं ती घेतली नाही. असं का झालं, ते सविस्तर नोंदवून ठेवण्यासारखं आहे असं मला वाटतं, कारण यात कुणी फसवाफसवी केली नाही, गाडीत मोठा दोष निघाला नाही, अपघात झाला नाही, आणि तरीही इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक हातचं गेलं.

मी स्वतः काही वर्षं एका दुसऱ्या कंपनीच्या विक्रेत्याकडे स्पेअर पार्टच्या काउंटरवर काम केलं आहे. त्यामुळे काउंटरच्या पलीकडच्या अडचणीही मला माहीत आहेत आणि त्या पुढे सांगणारच आहे. पण माझं मत आधी सांगतो. गाडी बिघडली म्हणून ताई दुरावली नाही. यंत्र आहे, बिघडणारच, हे तिला मान्य आहे. दुरुस्तीला लागणारी वस्तू कंपनीकडे नव्हती, ती नाही हे सांगायला कंपनीनं आठवडेच्या आठवडे घालवले, आणि पुढची गाडी बघायला गेल्यावर तिथंही तोच कारभार नव्या रूपात दिसला, म्हणून ती दुरावली.

बिघाड

सुरुवात अगदी किरकोळ होती. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची पातळी हळूहळू उतरायला लागली. खाली जमिनीवर डाग नाही, इंजिन तापत नाही, फक्त गाडी थांबवल्यावर बॉनेटजवळ किंचित गोडसर वास. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं बॅटरी लावून इंजिनच्या मागच्या अंगाला उजेड टाकला तेव्हा थर्मोस्टॅट हाउसिंगच्या कडेनं वाळलेल्या कूलंटचा गुलाबी-पांढरा थर दिसला. हे हाउसिंग म्हणजे मुठीएवढा काळा प्लॅस्टिकचा भाग. आत कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडझाप करणारा थर्मोस्टॅट, बाजूला तापमानाचा सेन्सर, आणि तीन दिशांना तीन होज पाइपांची तोंडं. क्लॅम्प सैल करून त्यानं होज हलकेच ओढला, तर हाउसिंगचं तोंडच तुटून होजमध्ये राहिलं. मी तो तुकडा हातात घेऊन पाहिला. तुटलेली कड खडबडीत, पिवळट, आणि नखानं खरवडली तर भुकटी निघत होती. बाहेरून मात्र तोच भाग काळा कुळकुळीत, नव्यासारखा.

पूर्वी असे भाग ॲल्युमिनियमचे ओतीव असत. आता बहुतेक ठिकाणी काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन वापरतात. वजन कमी, आतले वेडेवाकडे मार्ग एकाच साच्यातून निघतात, नंतर यंत्रावर घासकाम करावं लागत नाही. निर्णय म्हणून त्यात गैर काही नाही. पण या नायलॉनला गरम पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण, म्हणजेच कूलंट, वर्षानुवर्षं मानवत नाही. त्या मिश्रणानं नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात, प्लॅस्टिक ठिसूळ होतं. त्यात रोजचं तापणं-निवणं. कूलंट साधारण 90 अंश सेल्सिअसला असतं, काही नव्या इंजिनांत इंधन वाचवण्यासाठी ते 100 च्याही वर चालवतात. म्हणजे हा भाग आज ना उद्या जाणार हे डिझाइन करणाऱ्याला ठाऊक असतं. टायर, ब्रेक पॅड, बेल्ट जसे बदलावे लागतात तसाच हाही एक झिजणारा भाग आहे, फक्त सर्व्हिस बुकात त्याचं नाव त्या यादीत नसतं. माझ्या मते इथंच पहिली चूक आहे, आणि ती कंपनीची आहे. जो भाग आठ-दहा वर्षांत जाणार हे माहीत आहे, तो बारा-पंधरा वर्षं मिळेल एवढी सोय डिझाइनच्या वेळीच करायला हवी.

पार्ट नंबर

मेकॅनिकनं ताईला सर्व्हिस सेंटरला पाठवलं, कारण हा भाग बाहेरचा नको, जेन्युइनच टाकू असा तिचाच आग्रह होता. सर्व्हिस ॲडव्हायझरनं चासी नंबर टाकून पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, जुना नंबर बदललाय, त्याच्या जागी नवा आलाय. मागवून ठेवतो." नवा भाग आला. बोल्टची भोकं जुळली, होजची तोंडं जुळली, पण सेन्सरचं सॉकेट वेगळं निघालं. जुन्या वायरिंगचा प्लग त्यात बसेना.

हे असं का होतं, ते काउंटरवर काम केलेल्याला लगेच कळतं. गाडीचं उत्पादन चालू असताना कंपनी अधूनमधून भाग बदलत असते. मॉडेल तेच, वर्ष तेच, पण अमुक चासी नंबरापासून पुढे सेन्सर नवा. कॅटलॉगमध्ये त्या नंबराची रेघ मारलेली असते: याच्या आधीच्या गाड्यांना हा भाग, नंतरच्यांना तो. चासी नंबर 17 अक्षर-अंकी असतो तो अशाच कामांसाठी, गाडी नेमकी ओळखता यावी म्हणून. पण ही रेघ कॅटलॉगमध्ये बरोबर मारलेली असेल तरच त्याचा उपयोग. ताईची गाडी नेमकी बदलाच्या उंबरठ्यावर बनलेली होती. कारखान्यात जुन्या वायरिंगचा साठा संपेपर्यंत तेच बसवत राहिले असणार, आणि कॅटलॉगला त्याचा पत्ता नाही. त्यामुळे कॅटलॉगप्रमाणे तिची गाडी नव्या भागाची, प्रत्यक्षात जुन्या.

पार्ट नंबराची शिस्त ही कारकुनी बाब वाटते, पण तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण 2014 मध्ये उघडकीला आलं. स्विच ढिला असल्यानं चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. तो स्विच नव्या गाड्यांसाठी 2006 च्या सुमारास गुपचूप सुधारला गेला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला होता. त्यामुळे दोष कुठल्या गाड्यांत आहे आणि कुठल्या नाही, याचा छडा तपास करणाऱ्यांनाच कितीतरी वर्षं लागला नाही. अखेर एका खटल्यात तज्ज्ञानं जुना आणि नवा स्विच उघडून आतले भाग शेजारी ठेवले, तेव्हा फरक दिसला. कंपनीनं नेमलेल्या भरपाई निधीनं या दोषाशी 124 मृत्यूंचा संबंध मान्य केला. वस्तू बदलली की नंबर बदललाच पाहिजे, आणि नंबर बदलला की कोणत्या गाडीला कोणता हे खात्रीनं सांगता आलंच पाहिजे. ताईच्या बाबतीत कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण चूक त्याच जातीची.

भाग परत गेला. आता जुन्या नंबराची मागणी नोंदवली गेली. उत्तर आलं, बॅकऑर्डर, म्हणजे माल शिल्लक नाही, आला की देऊ. पुढच्या आठवड्यात येईल. पुढच्या आठवड्यात तारीख पुढे गेली. मग पुन्हा पुढे. ताई फोन करायची, ॲडव्हायझर नम्रपणे तीच वाक्यं सांगायचा. त्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर जे येतं तेच तो वाचून दाखवतो, आणि त्या स्क्रीनवर 'अपेक्षित तारीख' हा रकाना आपोआप पुढे सरकतो. वस्तू खरोखर कुठे बनते आहे का, हे त्यालाही कळत नाही. मीही असेच किती लोकांना आजउद्या करत परत पाठवलं असेल. शेवटी एक दिवस रकान्यातला मजकूर बदलला: पुरवठा बंद. म्हणजे इतके दिवस जी वस्तू येणार येणार म्हणत होते ती बहुधा बनतच नव्हती.

पर्याय म्हणून सुचवण्यात आलं की वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि हाउसिंग असा अख्खा संच घ्या, सोबत सेन्सरपर्यंतचं वायरिंगही बदला. चांगला चालणारा पंप काढून टाकायचा, चांगलं वायरिंग कापायचं, आणि हे सगळं एका तुटलेल्या तोंडासाठी. ताईनं नकार दिला. तो योग्यच होता.

वस्तू का संपते

इथं कंपनीची बाजू मांडायला हवी. असा प्लॅस्टिकचा भाग गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही. तो एखादा पुरवठादार बनवतो. पोलादाचा जड साचा असतो, तो इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्रावर चढवून भाग काढले जातात. गाडीचं उत्पादन जोरात असताना यंत्र दिवसरात्र तेच काढतं. मॉडेल बंद झालं की मागणी एकदम खाली येते. मग वर्षातून एकदा साचा गोदामातून काढायचा, साफ करायचा, यंत्रावर चढवायचा, सेटिंग करायचं, चाचण्या घ्यायच्या आणि थोडेसे भाग काढून पुन्हा उतरवायचा. पुरवठादाराला ते परवडत नाही. साचा झिजलेला असतो, कधी पुरवठादारच बुडालेला असतो, कधी सेन्सर बनवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीनं आपली चीप बंद केलेली असते. अशा वेळी पद्धत अशी की पुरवठादार कळवतो, आता शेवटची खेप, काय हवं ते एकदाच घेऊन ठेवा. गाडीच्या कंपनीला तेव्हा अंदाज बांधावा लागतो: पुढच्या दहा वर्षांत असे किती भाग लागतील? जास्त घेतले तर गोदामात भांडवल अडकतं, आणि रबराच्या सील असलेले भाग पडूनपडूनही खराब होतात. कमी घेतले तर ताईसारखी माणसं अडकतात.

अडचण खरी आहे. पण अंदाज नेहमी एकाच बाजूला चुकतो, हे मला खटकतं. कमी पडलेल्या भागाचा भुर्दंड कंपनीच्या वहीत कुठेच लिहिला जात नाही, तो मालक भरतो. उरलेल्या मालाचा तोटा मात्र ताळेबंदात ठळक दिसतो. मग कुठलाही व्यवस्थापक कमीच मागवणार. आणि हे अशा काळात, जेव्हा लोक गाड्या पूर्वीपेक्षा जास्त वर्षं वापरताहेत. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय 2024 मध्ये 12.6 वर्षं होतं. म्हणजे सर्वसाधारण गाडी नेमकी अशा वयाची, जेव्हा कंपनीचा तिच्यातला रस संपत आलेला असतो.

मॉडेल बंद झाल्यावर अमुक वर्षं पार्ट देणं कंपनीला कायद्यानं भाग आहे, अशी अनेकांची पक्की समजूत असते. ताईचीही होती. दहा वर्षं हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. प्रत्यक्षात तो बहुतांशी कंपन्यांनी स्वतःच पाळलेला संकेत आहे. अमेरिकेसारख्या मोठ्या बाजारातही सरसकट दहा वर्षं प्रत्येक भाग पुरवलाच पाहिजे असा केंद्रीय कायदा नाही. वॉरंटीतली आणि रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याची जबाबदारी वेगळी, ती कायद्यात आहे. वॉरंटी संपलेल्या गाडीच्या थर्मोस्टॅट हाउसिंगला मात्र संकेताचाच आधार.

इच्छा असली की काय करता येतं, याची उदाहरणं आहेत. स्वीडनची साब ही मोटार कंपनी डिसेंबर 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली. गाड्या बनणं थांबलं. पण तिचा सुट्या भागांचा व्यवसाय वेगळा होता, तो स्वीडिश सरकारच्या ताब्यात आला, पुढे ओरिओ नावानं चालू राहिला आणि साबच्या मालकांना पार्ट मिळत राहिले. दुसरीकडे निस्साननं 2017 मध्ये जुन्या आर 32 स्कायलाइन जीटी-आरचे बंद पडलेले भाग पुन्हा बनवायला घेतले. माझदानं पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी तेच केलं, टोयोटानं सुप्रासाठी. तीस वर्षं जुन्या गाडीचा साचा पुन्हा करता येतो, पुरवठादार शोधता येतो, हे या कंपन्यांनी दाखवून दिलं. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. फक्त हे भाग्य संग्राह्य स्पोर्ट्‌स गाड्यांच्या वाट्याला येतं. रोज कामावर नेणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या सेदानचं नाव त्या यादीत नसतं, आणि कंपनीचा धंदा मुळात उभा असतो तो अशाच गाड्यांवर.

तोडगा कसा निघाला

तुटलेलं हाउसिंग मी घरी आणलं, साबणानं धुतलं आणि भिंग घेऊन बसलो. एका बाजूला गाडीच्या कंपनीचं चिन्ह. दुसऱ्या बाजूला, बोल्टच्या भोकाजवळ, पुरवठादाराचं छोटं चिन्ह आणि त्याचा स्वतःचा नंबर, शेजारी प्लॅस्टिकचा प्रकार दाखवणारी खूण. त्या नंबरावरून शोध घेतला तर कळलं की हेच इंजिन थोड्या फरकानं दुसऱ्या एका कंपनीच्या गाडीतही बसवलेलं आहे. इंजिनं वाटून घेण्याचे करार या धंद्यात सर्रास असतात. त्या दुसऱ्या गाडीसाठी हा भाग पुरवठादार स्वतःच्या डब्यात खुल्या बाजारात विकत होता. मागवला. डबा उघडल्यावर आत तोच भाग, तोच साचा, आणि जिथं गाडीच्या कंपनीचं चिन्ह असायचं तिथं ते साच्यातूनच खरवडून काढल्याचा चट्टा. जुन्या सेन्सरचं सॉकेट. प्लग टच्‌कन बसला.

म्हणजे वस्तू जगात होती. साचाही चालू होता. फक्त ताईच्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तिचं दार बंद झालं होतं.

पुरवठादारानं आपला माल खुल्या बाजारात विकावा की नाही, यावर बरीच वर्षं झगडा चालू आहे. युरोपीय संघाच्या 2010 च्या 461 क्रमांकाच्या नियमानुसार गाडीच्या कंपनीला करारातून पुरवठादाराला अशी विक्री करण्यापासून रोखता येत नाही, आणि भागावर पुरवठादाराचं स्वतःचं चिन्ह दिसेल असं लावण्यासही मज्जाव करता येत नाही. मला सापडलेली ती छोटी खूण किती महत्त्वाची आहे, हे यावरून कळावं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्‌स राज्यानं 2012 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो मुख्यतः निदानाची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळावी म्हणून. भारतात स्पर्धा आयोगानं 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना याच कारणासाठी दंड ठोठावला: सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्यांनी स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवली होती.

भाग हातात येऊनही उपयोग नाही, असा प्रकारही ताईनं पाहिला. त्याच सुमारास स्टिअरिंग लॉकचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बिघडलं आणि गाडी सुरूच होईना. नवं मॉड्यूल मिळायला वेळ होता. भंगारातल्या तशाच गाडीचं चालू मॉड्यूल मेकॅनिकनं आणून दिलं, पण ते जुन्या गाडीच्या चासी नंबराशी बांधलेलं. चोरीविरोधी व्यवस्थेचा भाग असल्यानं ते दुसऱ्या गाडीत पुन्हा नोंदवता येत नाही, असं सर्व्हिस सेंटरनं सांगितलं. चोरी रोखायला हे हवं, मान्य. पण मालकी सिद्ध करणारी कागदपत्रं दाखवल्यावर कंपनीनं स्वतःच्या देखरेखीखाली ते नोंदवून देण्याची वाट ठेवायला काय हरकत होती? गाडी उभी राहिली, नवं मॉड्यूल येईपर्यंत.

चौथी गाडी

तरीही ताई त्याच कंपनीच्या शोरूममध्ये गेली. इतक्या वर्षांची सवय, माणसं ओळखीची. तिला हवं होतं ते साधं: सेदान, हातानं बदलायचे गिअर, आणि एसीला बटणं. सेदान बंद झालेली. तिच्या जागी त्याच किमतीच्या गटात उंच एसयूव्ही. हातानं बदलायचे गिअर फक्त सर्वांत खालच्या व्हेरिअंटमध्ये, आणि त्यात हेडलाइट जुने, पिवळट. चांगले हेडलाइट हवे तर सर्वांत वरचं व्हेरिअंट, म्हणजे सोबत सनरूफ, मोठा स्क्रीन आणि वीस इंची नसली तरी बरीच मोठी चाकं. एसीचा पंखा कमी-जास्त करायलाही स्क्रीनवर बोट फिरवायचं.

ही एकाच कंपनीची तऱ्हा नाही. फोर्डनं एप्रिल 2018 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या सेदान आणि छोट्या गाड्या बंद करत असल्याचं जाहीर केलं, मस्टँग तेवढी ठेवली. युरोपात 1976 पासून बनणारी फिएस्टा जुलै 2023 मध्ये थांबली. उंच गाड्यांत नफा जास्त, आणि ग्राहकही त्याच घेताहेत. त्यामुळे कंपन्यांवर केवळ रागवून भागणार नाही. स्क्रीनच्या बाबतीत मात्र वारा फिरायला लागलाय. गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनं 2026 पासूनच्या चाचण्यांत पूर्ण पाच तारे मिळण्यासाठी इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीचा कॉल यांना स्वतंत्र बटणं किंवा दांड्या असण्याची अट घातली आहे. एसी त्या यादीत नाही, पण नुसत्या हाताच्या स्पर्शानं सापडणारं बटण सुरक्षेसाठी लागतं, एवढं तरी मान्य झालं.

शोरूममधून बाहेर पडल्यावर ताई म्हणाली, "पार्टची कटकट एक, मॉडेलांची दुसरी." मी तिला म्हटलं, नाही, या दोन तक्रारी नाहीतच. दर तीन वर्षांनी फेसलिफ्ट करायचं, दर फेसलिफ्टला बंपर, ग्रिल, दिवे, स्क्रीन, सेन्सर बदलायचे, आणि त्यात पाच-सहा व्हेरिअंट, प्रत्येकाचा दिवा वेगळा, वायरिंग वेगळं. शोरूममध्ये जी विविधता दिसते ती गोदामात हजारो पार्ट नंबर होऊन बसते. प्रत्येक नंबराच्या गाड्या थोड्या, त्यामुळे प्रत्येक नंबराची मागणी थोडी, त्यामुळे साचा परवडत नाही, त्यामुळे शेवटची खेप लवकर. तिच्या गाडीत सेन्सरचं सॉकेट उत्पादनाच्या मध्यावर बदललं गेलं, त्याच सवयीतून. एकच हाउसिंग, एकच सॉकेट तीन पिढ्या चालवलं असतं तर तो भाग आजही रोज बनत असता. ज्या कंपन्या यांत्रिक भाग वर्षानुवर्षं तेच ठेवतात आणि फक्त जिथं खरी सुधारणा आहे तिथं बदल करतात, त्यांच्या जुन्या गाड्या का चालत राहतात याचं उत्तर बरंचसं इथं आहे.

ताईनं कंपनीला एक पत्र लिहिलं. त्यात शिव्याशाप नव्हते. तीन प्रश्न होते. ज्या मॉडेलचं उत्पादन थांबतं त्याच्या कुठल्या भागांचा पुरवठा कधी थांबणार, हे मालकांना आधी कळवता येईल का? बॅकऑर्डरच्या तारखेऐवजी 'हा भाग सध्या बनत नाही' असं खरं उत्तर पहिल्याच दिवशी देता येईल का? आणि कंपनीनं एखादा भाग बंद केला, तर पुरवठादाराचा नंबर मालकाला सांगता येईल का? तिन्हींत कंपनीचा खर्च जवळजवळ नाही. शेवटची खेप घेतली जाते तेव्हा कंपनीकडे तारीख असते, चासी नंबरावरून मालकांचे पत्ते असतात, सर्व्हिसच्या आठवणीचे संदेश तर दर सहा महिन्यांनी जातातच. त्याच संदेशात एक ओळ घातली असती, की तुमच्या गाडीचं हे हाउसिंग वयोमानानं ठिसूळ होतं, पुरवठा अमुक महिन्यात थांबतोय, हवं असल्यास आत्ता बदलून घ्या, तर ताईनं ते त्याच आठवड्यात बदलून घेतलं असतं आणि कंपनीचा भागही विकला गेला असता.

उत्तरात तिच्या निष्ठेबद्दल आभार होते आणि पुढच्या गाडीवर ॲक्सेसरीजसाठी सवलत देऊ केली होती. तीनपैकी एकाही प्रश्नाचा उल्लेख नव्हता.

मग तिनं गाडी निवडण्याची पद्धतच बदलली. ब्रोशर बाजूला ठेवून ती ज्या दोन कंपन्यांच्या गाड्या मनात होत्या त्यांच्या पार्ट काउंटरवर गेली. प्रत्येक ठिकाणी हव्या त्या मॉडेलची नाही, तर त्याच्या आधीच्या, बंद झालेल्या पिढीच्या चार वस्तू विचारल्या: थर्मोस्टॅट हाउसिंग, मागचा उजवा दिवा, खिडकीचा रेग्युलेटर आणि एबीएसचा व्हील सेन्सर. हे भाग यासाठी की एक उष्णतेनं जातो, एक धक्क्यानं फुटतो, एक वापरानं झिजतो आणि एक चिखलपाण्यानं खराब होतो. एका ठिकाणी दोन वस्तूंना तारीखच सांगता आली नाही. दुसऱ्या ठिकाणी तीन वस्तू गोदामात होत्या आणि चौथी सुटी मिळत होती, संचात नव्हे. काउंटरवरच्या बाईंनी आपणहून सांगितलं की हाउसिंगचा तोच नंबर नव्या मॉडेललाही लागतो. ताईनं तिथं गाडी नोंदवली. तीही एसयूव्हीच आहे, पण एसीला बटणं आहेत. जुनी सेदान तिनं विकलेली नाही. ती आता भाचा चालवतो, आणि तिच्या डिकीत त्याच पुरवठादाराच्या डब्यात आणखी एक हाउसिंग ठेवलेलं आहे.